जुनी पिकअप आणि चाकणची वाट

नारायणगावच्या टोमॅटो बाजारात सकाळी जाऊन उभे राहिले, तर माणसांच्या आधी गाड्या नजरेत भरतात. पांढऱ्या पिकअप, मागे हौद्यात क्रेटची चवड, वर आडवी बांधलेली दोरी आणि फाळक्यावर देवाचे नाहीतर लेकरांचे नाव. एका क्रेटमध्ये वीस किलो माल. पाऊणशे क्रेट चढवले की दीड टन झाला. एके काळी या मीना नदीकाठच्या गावात माल बैलगाडीने यायचा. पुढे टेम्पो आले. २००५ साली टाटांची 'एस' आली आणि लोकांनी तिचे 'छोटा हत्ती' असे बारसे केले. आज जुन्नर तालुक्यातल्या ज्याच्या त्याच्या तोंडी पिकअप आहे.

हा मुलूख तसा नवलाचा. इथून जवळच खोडदला आकाशातल्या रेडिओ लहरी टिपणारी प्रचंड दुर्बीण आहे. तिच्या तीस तबकड्या, एकेक पंचेचाळीस मीटर व्यासाची. दुसऱ्या अंगाला नारायणगाव ही तमाशाची पंढरी. पाडव्याच्या सुमारास फडांच्या राहुट्या पडतात आणि गावोगावचे पुढारी जत्रेची सुपारी द्यायला येतात. खाली टोमॅटो, वर तारे आणि मध्ये ढोलकी! पण इथला शेतकरी हिशेबाला पक्का. २०२३ च्या जुलैत टोमॅटोने किलोला शंभराचा आकडा ओलांडला, तेव्हा या भागातल्या कित्येकांच्या हाती चार पैसे आले. पैसे आले की पहिला विचार जमिनीचा, दुसरा विहिरीचा आणि तिसरा गाडीचा.

माझी नोकरी शेती खात्याची. माझ्याकडे लोक करप्याचे औषध विचारायला येतात, मातीचा नमुना घेऊन येतात. अलीकडे मात्र दर महिन्याला एकजण तरी विचारतो, "साहेब, जुनी पिकअप बघितलीय, पाच लाख सांगतोय. घेऊ का?" या प्रश्नाला 'हो' किंवा 'नाही' असे एका शब्दात उत्तर देता येत नाही. २०२५ सालच्या दिवाळीनंतर एका शनिवारी अशाच एका घरातल्या जोडप्याबरोबर मी चाकणपर्यंत गेलो. त्या वाटेवर जे पाहिले, जे मोजले, ते वाचकांच्या उपयोगी पडेल म्हणून इथे मांडतो.

घरातला हिशेब आधी

अण्णा आणि वहिनींचे चार एकर बागायत. टोमॅटो, कांदा, थोडी फ्लॉवर. मुलगा बावीस वर्षांचा, गाडी चालवतो. मुलगी लग्नाची. पैसे असे होते : पतसंस्थेचे अडीच लाख कर्ज मिळणार आणि बाकीचे वहिनींनी मुलीच्या लग्नासाठी बाजूला ठेवलेल्या पैशांतून काढायचे. म्हणजे हा नुसता गाडीचा सौदा नव्हता. गाडी फसली तर लग्न फसणार होते.

वहिनींची एक वही आहे. शाळेची जुनी वही, त्यात खते, औषधे, मजुरी, भाडे सगळे लिहिलेले. गेल्या वर्षी भाड्यापोटी त्यांनी ९६,००० रुपये दिले होते. अण्णा म्हणाले, "एवढं भाडं दुसऱ्याच्या घशात घालण्यापेक्षा स्वतःची गाडी बरी." ऐकायला खरे वाटते. पण निघण्यापूर्वी आम्ही ओट्यावर बसून दुसरे पान लिहिले.

गाडीची किंमत दर वर्षी उतरणार, ती अंदाजे ४५,००० धरली. अडीच लाखांवर शेकडा अकराने व्याज २७,५००. दुरुस्ती आणि टायर ३५,०००. विमा २०,०००. पासिंग व कर ८,०००. बेरीज १,३५,५००. त्यावर स्वतःच्या मालाच्या खेपांचे डिझेल ३६,०००. एकूण १,७१,५००. वाचणारे भाडे ९६,०००. म्हणजे घरच्या मालावरच गाडी चालवली तर वर्षाला ७५,५०० चा खड्डा. शेजाऱ्यांचा माल नेला आणि डिझेल जाऊन खेपेला नऊशे सुटले, तर हा खड्डा भरायला चौऱ्याऐंशी खेपा लागतात, महिन्याला सात.

अण्णा गप्प झाले. वहिनी म्हणाल्या, "सात खेपा होतील. वाडीतल्या पाच घरांचा माल आहे. पण त्याच्या वर पोराचा पगार निघायचा, हे ध्यानात ठेवा."

वाचकहो, गाडीचा भाव वाजवी आहे की नाही हे गाडीपाशी ठरत नाही, आधी घरात ठरते. ज्या घराला महिन्याला सात खेपा मिळणार नाहीत, त्या घराला स्वस्तातली गाडीसुद्धा महागच पडेल. आकडे प्रत्येक घरचे वेगळे असतील; पान मात्र प्रत्येकाने लिहावे.

भाव शोधायचा कुठे?

नारायणगाव ते चाकण सुमारे पंचेचाळीस किलोमीटर. कळंब मागे टाकून घोड नदी ओलांडली की मंचर. पुढे पेठ, मग खेडचा घाट आणि घाट उतरून भीमेकाठचे राजगुरुनगर, म्हणजे हुतात्मा राजगुरूंचे खेड. आता गावांना वळसे घालणारे रस्ते झाले आहेत. जुन्या रस्त्याने गेले तर चहाच्या टपऱ्या भेटतात, नव्या रस्त्याने गेले तर वेळ वाचतो. आम्ही जुना रस्ता धरला, कारण आम्हाला माणसे भेटायला हवी होती.

विकणारा सांगतो ती किंमत हा भाव नव्हे. ज्या किमतीला गाडी खरोखर विकली गेली, तो भाव. म्हणून सकाळीच नारायणगावच्या गाडीतळावर आम्ही चालकांना विचारले होते, "गेल्या तीन-चार महिन्यांत २०१९ ची पिकअप कुणी घेतली का? केवढ्याला?" तीन सौदे कळले : ४,६५,०००, ४,८०,००० आणि ४,९५,०००. तिन्ही गाड्या चालू स्थितीतल्या. सरासरी ४,८०,०००. हा आमचा मापाचा दगड झाला.

दुसरे माप नव्या गाडीचे. २२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. करापूर्वी आठ लाख किमतीची गाडी धरा. ती पूर्वी १०,२४,००० ला पडायची, आता ९,४४,००० ला. ऐंशी हजारांचा फरक. नवी एवढी उतरली म्हटल्यावर जुनीनेही काही उतरले पाहिजे. "मी गेल्या साली एवढ्याला घेतली होती" हे विकणाऱ्याचे म्हणणे आता चालणार नाही.

तिसरे माप विमा कंपन्यांचे. त्यांच्या तक्त्यात गाडीच्या किमतीतून पहिल्या सहा महिन्यांत ५ टक्के, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४० आणि पाच वर्षांपर्यंत ५० टक्के घट धरतात. पाच वर्षांपुढे कंपनी आणि मालक यांच्यात ठरेल ती. पिकअपला मागणी असते म्हणून बाजारभाव या तक्त्याच्या वर राहतो. तरीही विम्याच्या कागदावरचा आकडा पाहून ठेवावा. मागणारा त्याच्या फारच वर गेला, तर कारण विचारावे.

बैलाचे दात, गाडीचे दात

चाकणला पोहोचलो तेव्हा शनिवारचा बाजार भरला होता. एका अंगाला जनावरांचा बाजार, एका अंगाला कांदा-बटाटा आणि गावाबाहेर महिंद्र, बजाज, फोक्सवॅगन, मर्सिडीज यांचे कारखाने. याच चाकणच्या संग्रामदुर्गात १६६० साली फिरंगोजी नरसाळ्याने शाहिस्तेखानाच्या फौजेला जवळजवळ दोन महिने दाद दिली नव्हती. आता किल्ल्याचे थोडेच अवशेष उरले आहेत.

बैलबाजारात अण्णा रेंगाळले. त्यांचे वडील बेल्ह्याच्या बाजारातून बैल आणायचे. बैल घेताना आपले वाडवडील काय करत? दात पाहत, खूर उचलून पाहत, चार पावले चालवून पाहत, पाठीवर हात फिरवून जोताचे घट्टे बघत. मग रुमालाखाली बोटे धरून भाव करत. अण्णांना म्हटले, "गाडी वेगळी नाही. तिलाही दात आहेत."

महामार्गाच्या कडेला जुन्या गाड्यांचे एक आवार होते. तिथली एक पिकअप लांबूनच चमकत होती. मीटरवर ६८,००० किलोमीटर, मागणी ४,४०,०००. आमच्या मापाच्या दगडापेक्षा चाळीस हजार कमी. अण्णांचे डोळे लकाकले. वहिनी मात्र चालकाच्या बाजूचे दार उघडून खाली वाकल्या. क्लच आणि ब्रेकच्या पायपट्टीचे रबर पार गुळगुळीत झालेले. स्टिअरिंगवर नवे वेष्टण. त्या हळूच म्हणाल्या, "जातं जुनं आणि खुंटा नवा, असं दिसतंय."

मग आसन उचलले. आसनाखालच्या पट्ट्यांना तांबूस गंज आणि कोपऱ्यात वाळलेला बारीक गाळ. पुढच्या दिव्याच्या काचेत आतून मातीची आडवी रेघ. नवे रबरी पायपुसणे उचलल्यावर कुबट वास आला. २०१९ साली सांगली-कोल्हापूरकडे आणि २०२१ साली चिपळूणला महापूर आले तेव्हा पुष्कळ वाहने पाण्याखाली गेली. पाण्यात बुडालेली गाडी धुऊन-रंगवून उभी करता येते. पण तिच्या तारा आतून कुजत जातात आणि ती रस्त्यात कुठे दगा देईल ते सांगता येत नाही. ही गाडी कुठे बुडाली होती हे आम्हाला कुणी सांगितले नाही, आम्हीही विचारले नाही. नमस्कार करून बाहेर पडलो. दिसते तसे नसते, म्हणून तर जग फसते.

भीमेकाठची गाडी

परतताना राजगुरुनगरच्या अलीकडच्या एका गावात एका शेतकऱ्याकडे गेलो. त्यांची पिकअप मे २०१९ ची, मीटरवर १,४२,०००, मागणी पाच लाख. घरचे गृहस्थ म्हणाले, "मोठी गाडी घेतोय म्हणून ही काढायची." आम्ही आदल्या दिवशीच निरोप दिला होता की आम्ही येण्यापूर्वी गाडी सुरू करू नका. बोनेटवर हात ठेवून पाहिले, थंड होते. थंड इंजिन पहिल्या-दुसऱ्या झटक्यात सुरू झाले, म्हणजे त्याचा दम शाबूत आहे असे समजायला हरकत नाही. गरम करून ठेवलेले इंजिन कुणाचेही सुरू होते.

बरोबर नारायणगावचा एक मेस्त्री आणला होता. त्याला पाचशे रुपये दिले. चार लाखांच्या सौद्यात हे पाचशे फार मोलाचे. त्याने आणि आम्ही मिळून जे पाहिले ते क्रमाने देतो.

धूर : निळसर धूर सतत येत असेल तर इंजिन ऑईल जाळते. गरम झाल्यावरही पांढरा धूर राहिला तर पाणी आत जात असावे. जोर देताना काळा धूर म्हणजे डिझेल नीट जळत नाही. या गाडीचा धूर साफ होता.

ऑईलचे झाकण : इंजिन चालू असताना झाकण उघडले. तिथून भकाभका वाफ आणि ऑईलचे शिंतोडे आले, तर मेस्त्री लोक म्हणतात, "बॅक कॉम्प्रेशन मारते." म्हणजे इंजिन उघडायची वेळ जवळ आली. इथे थोडीशीच वाफ होती. पाण्याच्या डब्यात तेलाची साय नव्हती.

क्लच : हँडब्रेक ओढून, वरचा गिअर टाकून क्लच हळूहळू सोडला. इंजिन लगेच बंद पडायला हवे. ते घरघरत राहिले, म्हणजे क्लचप्लेट संपत आली.

कमानपाटे आणि चासी : गाडी सपाट जागी उभी करून मागून पाहिली. डावी बाजू दोन बोटे खाली. कमानपाटा दमलेला. मग मेस्त्री गोणपाट टाकून खाली शिरला. हौद्याखाली, मागच्या चाकांच्या वर, चासीला जोड किंवा वेल्डिंग आहे का ते बॅटरीने पाहिले. जोड नव्हता. चासीला जोड दिसला तर भाव करत बसू नये, घरी जावे.

टायर : टायरच्या कडेला चार आकडी संख्या असते. २३१९ म्हणजे २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. हेच टायरचे दात. मागचे दोन जुनेच होते, नक्षी संपलेली. पुढचे दोन नवे.

चालवून पाहणे : खेडचा घाट जवळच होता. रिकामी गाडी सपाटीवर सगळीच पळते. आम्ही हौद्यात आठ माणसांच्या वजनाइतकी खताची पोती टाकली आणि घाट चढवला. गिअर उडत नव्हता, मागच्या धुरीत हूंऽऽ असा आवाज नव्हता, काटा तापला नाही. उतारावर ब्रेक मारताना गाडी एका बाजूला ओढत नव्हती.

कागद म्हणजे गाडीचा सातबारा

जमीन घेताना आपण सातबारा पाहतो. गाडीचा सातबारा म्हणजे आर. सी. बुक. त्यावरचा चासी नंबर आणि इंजिन नंबर गाडीवर कोरलेल्या नंबरांशी एकेक अक्षर लावून पाहावा. सरकारच्या एम-परिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकला की विमा, पासिंग, कर्जाचा बोजा कळतो. राहिलेल्या दंडाच्या पावत्याही सरकारी संकेतस्थळावर दिसतात. या कामाला घरातली शिकलेली मुले बसवावीत.

पासिंगचा नियम असा : आठ वर्षांपर्यंत मालवाहू गाडीला दोन-दोन वर्षांनी आणि त्यापुढे दर वर्षी. ही गाडी मे २०२७ पर्यंत पास होती. म्हणजे दीड वर्ष घोर नाही. पुढे मात्र दर वर्षी खर्च आणि शिवाय आठ वर्षांनंतर महाराष्ट्रात पर्यावरण कर. कागदावर गाडीचे एकूण वजन किती आहे तेही पाहावे. मालासह तीन हजार किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीला परमिट लागत नाही, त्याच्या वर लागते. मुलाच्या परवान्याची काळजी अण्णांना होती. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने निकाल दिला की हलक्या वाहनाचा परवाना असलेल्याला साडेसात हजार किलोपर्यंतचे मालवाहू वाहन चालवता येते. ती काळजी मिटली.

विमा वीस दिवसांत संपणार होता. दुसऱ्याचा माल भाड्याने न्यायचा असेल तर विमा भाड्याच्या वाहतुकीचाच हवा. घरगुती वाहतुकीचा स्वस्त विमा काढून भाडे मारले आणि अपघात झाला, तर भरपाईच्या वेळी तोंडचे पाणी पळते.

बोजाची नोंद अजून आर. सी. वर होती. कर्ज फिटल्याचे बँकेचे पत्र आले होते, पण नमुना ३५ देऊन बोजा उतरवला नव्हता. नाव बदलण्यासाठी नमुना २९ आणि ३० वर सही लागते. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने चौदा दिवसांत आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवायचे असते. 'करू पुढच्या महिन्यात' म्हणून ठेवू नये. नाव बदलण्याआधी अपघात झाला तर दोन्ही घरे कोर्टाच्या पायऱ्या चढतात.

शेवटची वजाबाकी

आता पाटावर बसून हिशेब. मापाचा दगड ४,८०,०००. त्यातून दोन टायर १४,०००, क्लच मजुरीसह १२,०००, कमानपाटे ९,०००, बॅटरी ६,०००, विमा २०,०००. एकूण ६१,०००. राहिले ४,१९,०००. ही चढलेली भीड नव्हे, मेस्त्रीने दिलेल्या आकड्यांची वजाबाकी होती. म्हणून ती समोर ठेवायला संकोच वाटला नाही.

गृहस्थ आधी रागावले. "पाच लाखांची गाडी तुम्ही चारवर आणली!" वहिनींनी वही त्यांच्यापुढे सरकवली. "दादा, यातला कुठला आकडा चुकलाय तेवढा सांगा. चुकला असेल तर आम्ही वाढवतो." त्यांनी वही दोनदा वाचली. मग आतून सर्व्हिसच्या पावत्यांची पिशवी आणली. एकाच मालकाची गाडी, ऑईल वेळेवर बदललेले आणि दीड वर्षाचे पासिंग. हेही खरेच होते आणि त्याचे मोल द्यायला हवे होते. अकरा हजार चढवून ४,३०,००० वर सौदा झाला. अडीच लाख पतसंस्थेचे, एक लाख ऐंशी हजार वहिनींचे. त्यातले तीस हजार बोजा उतरून नाव बदलल्यावर द्यायचे, असे कागदावर लिहून दोघांनी सह्या केल्या. जत्रेसाठी तमाशाची सुपारी देतानासुद्धा गाव इसार देऊन कागद करते. मग गाडीचा सौदा नुसत्या तोंडी शब्दावर का ठेवावा?

शेतकरी बंधूभगिनींनो, सगळ्याचे सार एवढेच. खरोखर झालेल्या तीन सौद्यांची सरासरी काढा. त्यातून लगेच करावा लागणारा खर्च वजा करा. चांगल्या निगेचे थोडे मोल मिळवा. जो आकडा येईल तो वाजवी भाव. त्याच्या वर कुणी मागितले तर कारण मागा. त्याच्या फार खाली कुणी देत असेल, तर दुप्पट कारण मागा. घरात वही ठेवणारे माणूस असेल, तर त्याला सौद्याला बरोबर न्या. आपल्याकडे गाडी बघायला पुरुषमंडळीच जातात. पण पैसे कुठून आले आणि ते कशासाठी ठेवले होते, हे घरातल्या बाईइतके कुणाला ठाऊक असते?